अर्ध्या मात्रेचा धंदा

आपल्या पांढरपेशा घरांत मुलाच्या धंद्याविषयीं बोलणें निघालें कीं दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, पगार किती? आणि दुसरा, हुद्दा काय? पहिल्याचें उत्तर आंकड्यांत देतां येतें. दुसऱ्याचें उत्तर देतांना मात्र शेजाऱ्यांस चटकन् समजेल असा शब्द हाताशीं असावा लागतो. डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक, बँकेंतील अधिकारी, हे शब्द उच्चारले म्हणजे पुढें कांहीं सांगावें लागत नाहीं. परंतु 'आमचा मुलगा कार्टूनचा संकलक आहे' असें म्हटलें, तर ऐकणारा क्षणभर थांबतो, मग हंसतो, आणि शेवटीं 'म्हणजे चित्रें काढतो का?' असें विचारतो. चित्रें काढीत नाहीं, असें सांगितलें म्हणजे त्याचा गोंधळ अधिकच वाढतो. चित्रें न काढणारा, आवाज न देणारा, गोष्ट न लिहिणारा हा मनुष्य तेथें करतो तरी काय? या प्रश्नाचें उत्तर आमच्या एका विद्यार्थ्यामुळें आम्हांस बऱ्याच तपशिलानें शोधावें लागलें. ज्या घरांत आज असाच प्रश्न उभा आहे, तेथील वडील मंडळींस तें उपयोगीं पडेल, या समजुतीनें तें येथें मांडीत आहों.

गोष्ट २००३ सालची. आम्ही त्या वेळीं कल्याणच्या एका शाळेंत संस्कृत शिकवीत होतों. आमचें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपुरतें. बाकीचें जें कांहीं झालें, तें वडिलांपाशीं व एका शास्त्रीबुवांपाशीं बसून झालें. एके दिवशीं संध्याकाळीं डोंबिवलीचे एक गृहस्थ आमच्याकडे आले. बँकेंत नोकरी, स्वभाव अबोल, हिशेब चोख. त्यांचा मुलगा आठवीपासून दहावीपर्यंत आमच्यापाशीं संस्कृत शिकलेला. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, आणि आतां तें सोडून चित्रपटांचें संकलन, तेंहि कार्टूनचें, शिकणार असें म्हणून बसला होता. सुटींत मुंबईच्या एका स्टुडिओंत जाऊन त्यानें थोडी उमेदवारीहि केली होती. गृहस्थ म्हणाले, "सर, तो माझें ऐकत नाहीं. तुमचें ऐकेल. तुम्ही त्याला जरा समजावून सांगा."

आम्ही म्हणालों, "सांगतों. पण जो विषय आम्हांस ठाऊकच नाहीं, त्याविरुद्ध काय सांगणार? आधीं त्याला तो आम्हांला शिकवूं द्या." त्यांनीं तें मान्य केलें, आणि पुढचे चार रविवार तो मुलगा आमच्या घरीं येत राहिला.

पहिल्या रविवारीं त्यानें आम्हांसच प्रश्न घातला, "सर, साध्या सिनेमांत संकलक केव्हां कामाला लागतो?" आम्ही म्हणालों, चित्रण झाल्यावर. तें बरोबर होतें. नटनटींचा एकच प्रवेश चार-पांच वेळां टिपतात, निरनिराळ्या कोनांतून टिपतात. मग संकलक त्या ढिगांतून निवड करतो आणि नको तें टाकतो. कार्टूनमध्यें मात्र असा ढीग करणें कोणासच परवडत नाहीं. पडद्यावर एका सेकंदांत चोवीस चौकटी सरकतात. आपल्याकडील दूरचित्रवाणीवर पंचवीस. एकच चित्र दोन-दोन चौकटींपुरतें धरून ठेविलें, तरी सेकंदाला बारा चित्रें लागतात. दहा मिनिटांच्या चित्रपटाच्या चौकटी होतात १४,४००, आणि चित्रें ७,२००. हीं चित्रें माणसांनीं हातानें काढावयाचीं. तीं तिप्पट काढून दोन हिस्से फेंकून द्यावे, असें कोणता धनी म्हणेल?

म्हणून येथें कापाकापी आधीं होते आणि चित्रें मागाहून काढलीं जातात. प्रथम गोष्ट लहान लहान कच्च्या चित्रांत मांडतात. तिला स्टोरीबोर्ड म्हणतात. पात्रांचे आवाज मुद्रित करतात. मग संकलक तीं कच्चीं चित्रें आवाजाशीं एकेक करून जुळवितो, आणि कोणतें चित्र डोळ्यांपुढें किती वेळ राहावें हें ठरवितो. या कच्च्या फितीला 'ॲनिमॅटिक' असें नांव आहे. संपूर्ण चित्रपट अशा ओबडधोबड रूपांत आधीं पाहून घेतात. कोठें गोष्ट रेंगाळते, कोठें हंसूं यावयाच्या आधींच प्रसंग संपतो, हें येथेंच कळतें, आणि जें जावयाचें तें येथेंच जातें. पुढें पक्कीं चित्रें जशीं तयार होतील तशीं तीं कच्च्यांच्या जागीं बसवीत जावयाचें. अखेर ध्वनि, संगीत व चित्र यांची गांठ पक्की करावयाची. एवंच, साध्या सिनेमाचा संकलक शेवटीं येतो. कार्टूनचा संकलक सर्वांच्या आधीं येतो आणि सर्वांच्या मागून जातो. चांगला शिंपी कात्री लावण्याआधीं कापड बेततो. त्या बेतण्यांतच त्याचें कसब असतें. हें काम तशाच जातीचें आहे.

दुसऱ्या रविवारीं वडीलहि आले. त्यांची शंका रास्त होती. हा धंदा अमेरिकेंतला. आपल्या मातींत त्याला मूळ कोठें आहे? मुलानें या प्रश्नाची तयारी केलेली होती, आणि आम्हीहि मधल्या आठवड्यांत थोडें वाचून ठेविलें होतें. मूळ आहे, आणि तें आपल्या नाशिककडच्या एका घरांत आहे. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ सालीं विलायतेहून कॅमेरा घेऊन आले, तेव्हां भांडवलासाठीं त्यांना लोकांची खात्री पटवावयाची होती. त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला, तो उगवून वर येईपर्यंत रोज थोडें थोडें चित्रण केलें, आणि महिनाभराची वाढ मिनिटा-दीड मिनिटांत दाखविली. त्या लहानशा फितीनें त्यांस सावकार मिळवून दिला. पुढें १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' आला. १९१५ सालीं त्यांनीं 'आगकाड्यांची मौज' काढिली. काडी हातानें किंचित् सरकवावयाची, एक चौकट टिपावयाची, पुन्हां सरकवावयाची. पडद्यावर पाहावें तों काड्या आपल्या आपण चालूं लागलेल्या! निर्जीव वस्तु कोणत्या क्षणीं किती हलवावी याचा हिशेब त्या माणसानें डोक्यांत आधीं केला असला पाहिजे.

आणि या सर्व खटाटोपांत सरस्वतीबाई फाळके होत्या. कोऱ्या फितीस अंधाऱ्या खोलींत भोंकें पाडणें, रसायनें तयार करणें, फीत धुणें, हीं कामें त्या शिकल्या. जुळणींतहि त्यांचा हात होता. शिवाय कंपनींतील साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता तो होताच. आपल्या स्त्रियांनीं हातांनीं केलेल्या बारीक कामाची नोंद फारशी होत नाहीं. ही नोंद निदान टिकली आहे.

पुढची परंपराहि सलग आहे. 'प्रभात'नें १९३४ सालीं 'जंबूकाका' हा व्यंगचित्रपट काढिला. स्वातंत्र्यानंतर सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्यें १९५६ च्या सुमारास व्यंगचित्रपटांचा स्वतंत्र विभाग निघाला. तेथील मंडळींस शिकविण्यासाठीं डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स आले, आणि जातककथेवरचा 'बॅनियन डिअर' १९५७ सालीं तयार झाला. त्याच विभागांतील जी. के. गोखले यांच्या 'होमो सॅप्स' या चित्रपटास राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. १९७४ सालीं विजया मुळे यांनीं 'एक, अनेक और एकता' हा लहान मुलांचा बोधपट केला. त्याचें संगीत वसंत देसाई यांचें. दूरदर्शनवर तो पुढें इतक्या वेळां दाखविला गेला कीं, आज चाळिशी-पन्नाशींत असलेल्या बहुतेकांस त्यांतील गाणें तोंडपाठ आहे. पण तें गुणगुणणाऱ्या शंभर माणसांपैकीं एकाला तरी त्यांतील चित्रें कोणीं जुळविलीं हें सांगतां येईल काय? (ती फिल्म्स डिव्हिजन २०२२ सालीं राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झाली.)

हें ऐकून वडील एवढेंच म्हणाले, "म्हणजे नांव होत नाहीं." मुलगा गप्प राहिला. प्रश्न खरा होता, आणि त्याला गोड उत्तर नव्हतें.

अमेरिकेंतहि स्थिति फारशी निराळी नाहीं. ट्रेग ब्राउन या गृहस्थानें १९३६ पासून सुमारें पंचवीस वर्षें वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टूनांचें संकलन केलें, आणि त्यांतील आवाज बसविले. कोणी कड्यावरून पडला तर कोणता आवाज यावा, आणि तो पडल्यानंतर किती वेळानें यावा, हें त्याचें क्षेत्र. त्या चित्रांतील सशाला सारें जग ओळखतें. ब्राउनला ऑस्कर पारितोषिक मिळालें, तें मात्र कार्टूनसाठीं नव्हे. 'द ग्रेट रेस' या १९६५ सालच्या नटनटींच्या चित्रपटांतील ध्वनीसाठीं.

तिसऱ्या रविवारीं त्या मुलानें एक लांबोळका छापील कागद आणला. प्रत्येक ओळ म्हणजे एक चौकट. एका रकान्यांत आवाज, दुसऱ्यांत चित्राचा क्रमांक. म्हणाला, "सर, मुद्रित आवाज ऐकून कोणता वर्ण कोणत्या चौकटीवर येतो, तें येथें लिहावें लागतें. त्यावरून चित्रकार तोंडें काढतात. तुम्हीं आठवींत फळ्यावर लिहून दिलें होतें तेंच हें." आणि खरोखर तेंच होतें. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण; तेथें ओठ मिटलेच पाहिजेत. 'आ'ला जबडा उघडा, 'उ' आणि 'ओ' यांना ओठांचा चंबू; 'व' उच्चारतांना खालचा ओठ दांतांकडे. 'म'च्या चौकटीवर ओठ उघडे राहिले, तर पांच वर्षांच्या मुलालाहि कांहीं तरी चुकल्यासारखें वाटतें. काय चुकलें तें मात्र त्याला सांगतां येत नाहीं. शिक्षाकारांनीं वर्णांचीं स्थानें सांगितलीं, तीं वेदपठणासाठीं. त्यांचा उपयोग चित्रांतल्या माकडाचें तोंड हलविण्याकडे होईल, हें त्यांच्या स्वप्नींहि आलें नसेल. पण उपयोग झाला हें खरें.

दुसरी गोष्ट त्यानेंच आठवून सांगितली. पाणिनीय शिक्षेंत मात्रेचें माप प्राण्यांच्या आवाजावरून दिलेलें आहे: चाष पक्षी ओरडतो ती एक मात्रा, कावळा दोन मात्रांचा, मोर तीन मात्रांचा, आणि मुंगूस अर्ध्या मात्रेचें. वर्गांत हें सांगितलें कीं मुलें हंसत, एखादा मुलगा मुंगसाचा आवाज काढून दाखवी, आणि ह्रस्व, दीर्घ, प्लुत यांचा फरक मात्र जन्मभर लक्षांत राही. तो म्हणाला, "सर, आमचें काम मुंगसाचें आहे. दोन चौकटी म्हणजे सेकंदाचा बारावा भाग. तेवढा वेळ डोळे मिटून उघडले तर पात्र जागें दिसतें; त्याच्या चौपट वेळ मिटले तर पेंगतांना दिसतें."

वैयाकरणास अर्धी मात्रा वाचविली तरी पुत्रजन्माइतका आनंद होतो, असें शास्त्रीबुवा सांगत. आम्ही हें वाक्य वर्गांत पुष्कळदां सांगितलें होतें. तें खरें मानून पोटाचा धंदा करूं पाहणारा विद्यार्थी प्रथमच समोर बसला होता. मंदाक्रान्तेंत चार, सहा आणि सात अक्षरांवर यति येतो. यति चुकला तर प्रत्येक शब्द शुद्ध असूनहि श्लोक लंगडतो. हा मुलगा चित्रांचे यति शोधीत होता, आणि त्याचे कान तयार होते, एवढें आमच्या ध्यानांत आलें.

चौथ्या रविवारीं आम्ही वडिलांस आमचें मत सांगितलें. तें असें: "मुलगा अभ्यास टाळण्यासाठीं पळत नाहीं. एका शिस्तींतून निघून तो दुसऱ्या, तितक्याच कडक शिस्तींत जातो आहे. त्याला त्या कामाची समज आहे. पोटाची हमी मात्र आम्हांस देतां येत नाहीं, आणि नांवाची तर कोणालाच देतां येणार नाहीं. निर्णय तुमचा." त्यांनीं दोन दिवस विचार केला. कोंकणांतील जुन्या घराच्या छपरासाठीं त्यांनीं ठेव ठेविली होती. ती मोडून शिक्षणाची फी भरली. मुलास त्यांनीं एकच अट घातली: तीन वर्षांत स्वतःच्या रेल्वे-पासाचे आणि जेवणाचे पैसे स्वतः मिळवावयाचे. तें छप्पर पुढें पडलें, हेंहि येथें नमूद करणें अवश्य आहे. अशा निवडीची किंमत कोणी तरी कोठें तरी देतच असतो.

अट पुरी झाली. २००५ सालच्या ऑक्टोबरांत 'हनुमान' हा आपल्याकडील पूर्ण लांबीचा व्यंगचित्रपट चित्रगृहांत लागला आणि मुलांनीं तो डोक्यावर घेतला. त्या सुमारास धंद्यांत उमेद होती. अंधेरीच्या एका स्टुडिओंत त्याला साहाय्यकाची जागा मिळाली. डोंबिवलीहून सकाळीं ७ ची गाडी, दादरला उतरून पश्चिमेची दुसरी गाडी. परत येतांना पुष्कळदां शेवटची. २०१४ सालीं घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली, तेव्हां त्याचा दादरचा फेरा वांचला. मधल्या काळांत एक स्टुडिओ बंद पडला आणि त्याचा चार महिन्यांचा पगार बुडाला. त्या वर्षीं त्यानें ठाण्या-कल्याणकडच्या लग्नांच्या फिती जुळविण्याचें काम केलें. घरांत त्याबद्दल कोणी बोललें नाहीं. पुढें परदेशचें कंत्राटी काम कमीअधिक होत राहिलें, तरी देशी मालिकांना मागणी आली. २००८ सालीं 'छोटा भीम' आणि २०१२ सालीं 'मोटू पतलू' आल्यावर, आपल्याकडचीं मुलें आपल्याकडचीं पात्रेंहि रोज पाहतात, अशी वाहिन्यांची खात्री झाली. तो मुख्य संकलक झाला आणि ठाण्यांत लहानसें घर घेऊन राहूं लागला.

दूरचित्रवाणीचें काम चित्रपटाहून निराळें. अर्ध्या तासाच्या जागेंत जाहिराती वजा जातां सुमारें बावीस मिनिटें उरतात. भाग त्या मापांत बसलाच पाहिजे. एकदां वाहिनीनें ऐन वेळीं माप बदललें, आणि पुरा झालेल्या भागांतून चाळीस सेकंद काढावयाचे ठरले. त्या भागांत पावसाचा एक प्रवेश होता: पत्र्यावर पडणारें पाणी, त्याखालीं कुत्र्याचें पिल्लूं. एका सहकाऱ्यानें पंधरा दिवस खपून तो काढला होता. सगळ्या भागांत त्याहून सुंदर कांहीं नव्हतें. पण तो काढल्यानें गोष्टीचा एकहि टांका उसवत नव्हता, आणि दुसरें कांहींहि काढलें तर उसवत होता. आमच्या विद्यार्थ्यानें पाऊस काढला. तो सहकारी पुढें वर्षभर त्याच्याशीं कामापुरतेंच बोलला.

ही हकीकत त्यानें आम्हांस सांगितली तेव्हां त्याच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतें, पश्चात्तापहि नव्हता. आम्हीं त्याला 'स्नो व्हाइट'ची आठवण करून दिली. तीहि मूळ त्याच्याकडूनच ऐकलेली. १९३७ सालच्या त्या चित्रपटांतून वॉल्ट डिस्नेनें बुटक्यांच्या सूप पिण्याचा सबंध प्रवेश काढून टाकला. वॉर्ड किंबॉल या तरुण चित्रकारानें तो पेन्सिलींत पुरा केलेला होता, आणि तो मोठा विनोदी होता. पण गोष्ट तेथें अडून बसत होती. किंबॉल फार खट्टू झाला. डिस्नेनें त्याच्यावर पुढच्या चित्रपटांतील जिमिनी क्रिकेट या पात्राचें काम सोंपविलें. आम्ही म्हणालों, "कापणारानें एवढें लक्षांत ठेवावें कीं, ज्याचें कापलें त्याच्या हाताला पुढचें काम दिलें पाहिजे." त्या सहकाऱ्याला पुढच्या मालिकेंत सुरुवातीचें शीर्षक-चित्र मिळावें म्हणून त्यानें शब्द टाकला, असें मागाहून कळलें. तें मिळालेंहि.

आतां नांवाविषयीं. वडील निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळीं तो कार्यक्रम पाहूं लागले. गोष्टींत त्यांचें लक्ष नसे. ते शेवटच्या नामावळीची वाट पाहत. नामावळी येई ती पडद्याच्या कोपऱ्यांत, आणि इतक्या वेगानें सरके कीं, चष्मा नाकावर नीट बसविण्याच्या आंत संपे. असें बरेच महिने चाललें. शेवटीं एका रविवारीं त्यांनीं मुलास विचारलें, "तुमच्या वाहिनीला नांवें नीट दाखवायला काय होतें रे?" मुलानें खरें तें सांगितलें. वाहिनीनें नामावळीचा वेळ कमी केला होता, आणि त्या वेळांत ती बसविण्याचें काम त्याच्याकडेच होतें. वेग त्यानेंच वाढविला होता.

वडील थोडा वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, "सगळ्यांचीं पळवलींस, कीं कुणाचीं थांबवलींस?"

"सगळ्यांचीं, सारखीं."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि पुढें नामावळीसाठीं ते बसत नसत, गोष्टच पाहत. आयुष्यभर खातेवह्या जुळविलेल्या मनुष्याला हें उत्तर पुरेसें वाटलें. ते २०१९ सालीं वारले. आमची त्यांची शेवटची भेट झाली तेव्हां त्यांनीं एका भागांतील उंदराविषयीं सांगितलें, कीं तो पळण्याआधीं क्षणभर थांबतो म्हणून हंसूं येतें. "तें थांबणें आमच्याकडचें," असें ते म्हणाले.

वाचकांपैकीं कोणाच्या घरीं आज असा मुलगा किंवा अशी मुलगी असेल. त्यांस आम्हीं काय सांगावें? प्रथम वाईट तें सांगतों. काम पुष्कळ ठिकाणीं कंत्राटी आहे. मालिका संपली कीं पुढची मिळेपर्यंत घरीं बसावें लागतें. रात्री पडद्यासमोर जातात आणि डोळे व पाठ यांची झीज होते. अलीकडे यंत्राला वाक्य सांगितलें कीं तें चित्र काढून देतें. त्यामुळें चित्रकारांच्या पोटावर पाय येईल अशी भीति त्या लोकांत आहे, आणि ती निराधार नाहीं. संकलकाचें काय होईल? आमच्या मतें, चित्रें स्वस्त झालीं म्हणजे त्यांतलें कोणतें ठेवावें आणि किती वेळ ठेवावें, हा प्रश्न अधिक अवघड होतो. तें सांगणाऱ्याची गरज उरेल. पण त्याला योग्य मोल मिळेलच, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. म्हणून पहिल्या तीन वर्षांचा खर्च आधीं मोजून बाजूला ठेवावा, आणि घराचें छप्पर दुरुस्त करावयाचें असेल तर त्याचाहि विचार त्याच कागदावर करावा.

दुसरें, मुलाची पारख कशी करावी? तो कार्टून किती पाहतो, यावरून कांहीं कळत नाहीं. सगळींच मुलें पाहतात. संगणक किती चपळाईनें चालवितो, यावरूनहि नाहीं. आमचा विद्यार्थी हल्लीं ठाण्याला रविवारीं सकाळीं चार-पांच मुलांना हें काम शिकवितो. तो त्यांना प्रथम तीस सेकंदांचा तुकडा देतो आणि वीस सेकंदांचा करून आणावयास सांगतो, गोष्टींतील कांहींहि न गमावतां. पुष्कळ मुलें वेग वाढवून आणतात. कांहीं शेवट तोडतात. क्वचित् एखादें मूल, त्याला स्वतःला सर्वांत अधिक आवडलेला भाग काढून आणतें, आणि तो कां काढला हें नीट सांगतें. अशा मुलाला तो दुसऱ्या रविवारीं पुन्हां बोलावतो.

हीच परीक्षा घरीं, संगणकाशिवाय, घेतां येते. मुलाला एक पानाचा निबंध लिहावयास सांगावा. मग त्यांतलें सर्वांत सुंदर वाक्य कोणतें तें त्याला विचारावें, आणि तें काढून टाकलें तर निबंध बिघडतो कीं सुधारतो हें त्यालाच ठरवूं द्यावें. जें मूल रुसून बसतें, त्याला दुसरे पुष्कळ चांगले धंदे आहेत. जें मूल पेन्सिल हातांत घेऊन विचारांत पडतें, त्याच्या आईवडिलांनीं आमच्या त्या बँकेंतल्या मित्राप्रमाणें दोन दिवस स्वस्थ बसून विचार करावा, आणि मगच काय तें हो किंवा नाहीं म्हणावें.